हलत्या चित्राला जागा किती?

साक्री किंवा चोपडा तालुक्यातल्या एखाद्या शाळेत विज्ञानाचे शिक्षक उद्याच्या तासासाठी हृदयाच्या कार्यावरचा एक व्हिडिओ उतरवून घेत आहेत, अशी कल्पना करा. निम्म्याहून अधिक फाइल उतरते आणि पडद्यावर सूचना झळकते : 'पुरेशी जागा शिल्लक नाही.' आता काहीतरी पुसायला हवे. काय पुसायचे? गेल्या वर्षीच्या विज्ञान प्रदर्शनाचे चित्रण, की मुलांनी मोसम नसताना शेततळ्यावर टिपलेल्या पक्ष्यांचे? बहुधा घाईघाईत जे हाताशी येईल ते पुसले जाते. तास पार पडतो आणि पुसलेल्या गोष्टीची आठवण राहत नाही.

हा प्रश्न मोबाइल फोनने निर्माण केला असे आपल्याला वाटते. तसे नाही. हलते चित्र साठवण्याची कला जितकी जुनी, तितकीच तिच्या पाठीशी लागलेली जागेची टंचाईही जुनी आहे. त्या टंचाईवर माणसाने तीन उपाय शोधले. पहिला उपाय, तेवढ्याच जागेत अधिक माहिती कोंबायची. दुसरा, चित्रातला जो भाग डोळ्याला जाणवत नाही तो टाकून द्यायचा. आणि तिसरा, जुने पुसून त्यावर नवे लिहायचे. पहिल्या दोन उपायांचा इतिहास म्हणजे विज्ञानाच्या विजयाची गोष्ट आहे. तिसऱ्याचा इतिहास मात्र बराचसा पश्चात्तापाचा आहे. शिक्षकांनी हे तिन्ही समजून घेणे उपयोगाचे ठरेल, कारण आज प्रत्येक शाळा आपापल्या परीने एक छोटेसे चित्रसंग्रहालय बनली आहे.

फुटाला सोळा चित्रे

हलते चित्र म्हणजे मुळात स्थिर चित्रांची माळ. एकामागून एक चित्रे पुरेशा वेगाने डोळ्यासमोरून गेली, की मेंदू त्यांची सांगड घालतो आणि आपल्याला हालचाल दिसते. तेव्हा जागेचा पहिला हिशेब अगदी सोपा आहे : चित्रे किती आणि एका चित्राला जागा किती?

दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात प्रेक्षकांसमोर आला. त्याची लांबी सुमारे ३,७०० फूट, म्हणजे एक किलोमीटरहून थोडी जास्त होती. ३५ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवर एका फुटात १६ चित्रे मावतात. म्हणजे त्या चार रिळांत सुमारे ५९ हजार चित्रे होती. जागा वाचवायची तर फिल्म अरुंद करायची किंवा चित्रे कमी घ्यायची, एवढेच मार्ग त्या काळी होते. पहिल्याने चित्र धूसर होई, दुसऱ्याने हालचाल झटके खाई.

या फिल्मचा पाया सेल्युलोज नायट्रेटचा होता. हा पदार्थ पारदर्शक आणि लवचिक खरा, पण अतिशय ज्वालाग्राही. एकदा पेटला की त्याच्या ज्वलनातून ऑक्सिजन सुटतो, त्यामुळे नुसते हवेपासून तोडून ही आग विझत नाही. न पेटताही तो हळूहळू कुजतो, चिकट होतो आणि शेवटी त्याची भुकटी होते. त्यातच कृष्णधवल फिल्मवर चांदीचा थर असतो. खेळ संपलेली रिळे गोदामात जागा अडवून बसलेली आणि त्यांतली चांदी मात्र विकण्याजोगी! किती तरी चित्रपट असे चांदीच्या भावात गेले. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ मध्ये. तोवर फार उशीर झाला होता. 'राजा हरिश्चंद्र'च्या चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे तेवढे मिळाले, आणि तीही १९१७ साली फाळक्यांनी पुन्हा केलेल्या आवृत्तीची असावीत असे काही अभ्यासकांचे मत आहे. भारताचा पहिला बोलपट 'आलम आरा' १९३१ सालचा. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पुढे जानेवारी २००३ मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात लागलेल्या आगीत संग्रहालयाच्या नायट्रेट रिळांचा मोठा साठा जळाला.

थोडक्यात, जागा अडते म्हणून किंवा नीट जागा मिळाली नाही म्हणून चित्रे नाहीशी होणे ही गोष्ट संगणकाच्या कितीतरी आधीची आहे.

पुसता येणारी फीत

१९५६ साली अमेरिकेतल्या अँपेक्स कंपनीने दूरचित्रवाणीचे चित्र चुंबकीय फितीवर नोंदणारे यंत्र बाजारात आणले. फीत दोन इंच रुंद होती. ध्वनिमुद्रणाच्या फितीपेक्षा चित्राच्या फितीवर दर सेकंदाला शेकडो पट अधिक माहिती लिहावी लागते. त्यासाठी फीत भरधाव सोडावी, तर काही मिनिटांतच रीळ संपेल. अँपेक्सच्या अभियंत्यांनी फीत सावकाश ठेवली आणि लिहिणारी चुंबकीय टोके एका गरगर फिरणाऱ्या चक्रावर बसवली. ती फितीच्या आडव्या रुंदीवर लिहीत जातात. शेतात लांबच लांब एकच तास घालण्याऐवजी आडवी, जवळ जवळ तासे घालावीत, तसे. हाच पहिला उपाय : त्याच जागेत अधिक माहिती. पुढे घराघरांत आलेल्या व्हीएचएस कॅसेटमध्येही हेच तत्त्व थोड्या फरकाने वापरले गेले. तिथे टोके फितीवर तिरप्या रेघा ओढतात.

फितीचा मोठा गुण असा, की ती पुसून पुन्हा वापरता येते. हा गुणच पुढे घातक ठरला. फिती महाग, कपाटे भरलेली, त्यामुळे जगभरच्या दूरचित्रवाणी केंद्रांनी जुने कार्यक्रम पुसून नवे नोंदवायला सुरुवात केली. बीबीसीच्या 'डॉक्टर हू' या गाजलेल्या मालिकेचे सुरुवातीच्या काळातले नव्वदहून अधिक भाग आज कोणाकडेच सापडत नाहीत. याहून चटका लावणारे उदाहरण चंद्रावरच्या पहिल्या पावलाचे आहे. जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ ने चंद्रावरून पाठवलेले चित्र वेगळ्या पद्धतीचे होते. सेकंदाला फक्त दहा चित्रे येत. प्रक्षेपणासाठी त्यांचे रूपांतर करावे लागले आणि त्यात स्पष्टता घटली. मूळ, अधिक स्पष्ट संकेत वेगळ्या फितींवर नोंदवून ठेवला होता. पुढे कित्येक वर्षांनी त्याची शोधाशोध झाली. त्या फिती बहुधा पुसून दुसऱ्या कामासाठी पुन्हा वापरल्या गेल्या, असा निष्कर्ष नासाने २००९ मध्ये जाहीर केला. आपण आज पाहतो ती निरनिराळ्या केंद्रांकडे उरलेल्या प्रक्षेपणाच्या प्रतींवरून सुधारलेली चित्रे आहेत. पुसणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांना फिती हव्या होत्या, आणि कपाटातल्या त्या विशिष्ट फितींवर नेमके काय आहे हे त्या वेळी कोणी विचारले नाही.

आपल्याकडे शैक्षणिक चित्रफितींचे युग १९८४ मध्ये सुरू झाले. त्या वर्षी १५ ऑगस्टपासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे महाविद्यालयीन वर्ग दूरदर्शनवरून दिसू लागले. पुणे विद्यापीठातले माध्यम केंद्र त्यासाठी कार्यक्रम तयार करी. जळगाव-धुळ्याची महाविद्यालये तेव्हा पुणे विद्यापीठालाच जोडलेली होती. जळगावला स्वतंत्र विद्यापीठ झाले ते १५ ऑगस्ट १९९० रोजी. शालेय मुलांसाठी पुण्यातच 'बालचित्रवाणी' १९८४ मध्ये सुरू झाली. तिने हजारो कार्यक्रम तयार केले. महाराष्ट्रातल्या दोन पिढ्यांनी ते पाहिले. २०१७ मध्ये ही संस्था बंद करण्यात आली.

या कार्यक्रमांची अडचण आजच्या तरुण शिक्षकांना सांगूनही खरी वाटणार नाही. प्रक्षेपणाची वेळ ठरलेली. त्या वेळी शाळेत वीज नसली किंवा परीक्षा चालू असली, की तो धडा हातचा गेला. पुन्हा दाखवायचा तर फीत हवी, फितीला कपाट हवे आणि ती चालवायला यंत्र हवे. चुंबकीय फितीवरचा थर काही दशकांत ढिला होऊ लागतो, आणि यंत्रे त्याही आधी बाजारातून जातात. फीत शाबूत आहे पण ती वाचणारे यंत्र नाही, ही चित्रसंग्रहांपुढची नेहमीची अडचण आहे.

आकड्यांचा डोंगर

योगायोग असा, की अँपेक्सचे यंत्र आले त्याच १९५६ साली आयबीएम कंपनीने 'रॅमॅक' या संगणकासाठी पहिली चुंबकीय चकती वापरात आणली. चकती कसली, दोन फूट व्यासाच्या ५० चकत्यांची ती एक उतरंडच होती. सगळे यंत्र सुमारे एक टन वजनाचे. त्यात ५० लाख अक्षरे मावत.

आता एक हिशेब करून पाहू. आपल्याकडच्या जुन्या दूरचित्रवाणीचे एक चित्र संगणकात भरायचे, तर ते आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपक्यांचे धरतात. गुणाकार ४,१४,७२०. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे, आणि प्रत्येक आकड्याला एक बाइट. म्हणजे एका चित्राला साधारण साडेबारा लाख बाइट लागतात. सेकंदाला २५ चित्रे, म्हणून सेकंदाला ३ कोटी ११ लाख बाइट. एक अक्षर म्हणजे एक बाइट असे ढोबळमानाने धरले, तर त्या एक टनी यंत्रात अशी चार चित्रे मावली असती. सेकंदाचा सहावा हिस्सा! पुढे १९८०च्या दशकात आलेल्या ६५० एमबीच्या कॉम्पॅक्ट डिस्कमध्येही हा व्हिडिओ बावीस सेकंद मावला असता. आपल्या पस्तीस मिनिटांच्या तासाला ६५ जीबी लागले असते.

नुसत्या मोठ्या चकत्या बनवून हे कोडे सुटणारे नव्हते. दुसरा उपाय हवा होता, आणि त्याचे बीज एका भारतीय अभियंत्याच्या कागदावर होते.

डोळ्याला न जाणवणारे टाकून द्या

नसीर अहमद यांचा जन्म १९४० साली बंगळूरचा. शिक्षणासाठी ते अमेरिकेला गेले आणि पुढे कॅन्सस राज्य विद्यापीठात प्राध्यापक झाले. १९७२ मध्ये चित्रातली माहिती आटोपशीर लिहिण्याच्या एका गणिती युक्तीवर काम करण्यासाठी त्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे अनुदान मागितले. प्रस्ताव नाकारला गेला. कल्पना फारच सोपी आहे, असे परीक्षकांना वाटले! अहमद यांनी काम सोडले नाही. टी. नटराजन आणि के. आर. राव या सहकाऱ्यांबरोबरचा त्यांचा निबंध जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. तिन्ही नावे भारतीय आहेत हे विद्यार्थ्यांना जरूर सांगावे. आज प्रत्येक मोबाइलमधले छायाचित्र आणि जवळजवळ प्रत्येक व्हिडिओ या युक्तीच्या किंवा तिच्या वंशातल्या दुसऱ्या एखाद्या युक्तीच्या आधारे साठवला जातो.

युक्ती समजायला कपाशीच्या शेताचे एक छायाचित्र डोळ्यासमोर आणा. वरच्या निम्म्या भागात आकाश आहे. आकाशातले शेजारशेजारचे आठ ठिपके घेतले, तर त्यांची तेजस्विता अशी असेल : १५०, १५१, १५१, १५२, १५३, १५३, १५४, १५४. हे आठ आकडे लिहिण्याऐवजी आपण म्हणू शकतो, 'सरासरी १५२, डावीकडून उजवीकडे हळूहळू चढत जाणारी.' आठ आकड्यांचे काम दोन आकड्यांवर आले. अहमद यांची रीत याचेच व्यवस्थित रूप आहे. चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन करतात. प्रत्येक चौकोन म्हणजे एक सपाट पातळी आणि तिच्यात मिसळलेल्या निरनिराळ्या लहरी, काही मंद आणि काही अतिशय दाट, असे मानतात. कोणती लहर किती प्रमाणात आहे तेवढे लिहितात. एवढ्याने आकडे कमी होत नाहीत. चौसष्टांचे चौसष्टच राहतात. पण त्यांतले बहुतेक शून्याच्या जवळ येतात. मग डोळ्याच्या एका मर्यादेचा फायदा घेतात. मंद चढउतार डोळ्याला चटकन जाणवतो. अतिशय दाट, बारीक लहरीत थोडी चूक झाली तर कळत नाही. म्हणून दाट लहरींचे आकडे ढोबळ करतात, पुष्कळसे शून्यच धरतात. रंगाच्या बाबतीतही तसेच. डोळ्याला उजेडातला फरक जितका बारीक दिसतो तितका रंगातला दिसत नाही; म्हणून रंगाची माहिती चार ठिपक्यांत मिळून एकदाच ठेवतात. एवढ्या एका गोष्टीने निम्मी जागा वाचते.

हे झाले एका चित्राचे. आता माळेकडे वळू. फळ्यासमोर शिक्षिका शिकवत आहेत. एका चित्रातून पुढच्या चित्रात जाताना बदलतो तो त्यांचा हात आणि चेहरा. फळा, भिंत, खिडकी सगळे जागच्या जागी. मग फळा सेकंदाला पंचवीस वेळा कशाला लिहायचा? एक चित्र पूर्ण लिहायचे आणि पुढच्या चित्रांसाठी फक्त फरक नोंदवायचा : 'हा चौकोन मागच्या चित्रात तीन ठिपके डावीकडे होता, बाकी तसेच.' अधूनमधून पुन्हा एक पूर्ण चित्र द्यायचे. व्हिडिओ पुढे सरकवताना तो कधी कधी आपल्याला हव्या त्या क्षणाऐवजी थोडा मागे-पुढे थांबतो, त्याचे कारण बहुधा हेच; तिथे पूर्ण चित्र असते. अर्धवट उतरलेल्या फाइलीत चेहऱ्यावर रंगीत चौकोन पसरलेले दिसतात, तेही यामुळेच. फरक पोहोचला, पण ज्यात तो मिळवायचा ते मूळ चित्र पोहोचले नाही.

या सगळ्या युक्त्या एकत्र करून एक सामाईक पद्धत ठरवण्यासाठी १९८८ मध्ये तज्ज्ञांचा 'एमपेग' हा आंतरराष्ट्रीय गट स्थापन झाला. त्याची पहिली प्रमाणपद्धती १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली.

चकती बाजारात येते

त्याच वर्षी व्हीसीडी आली. तिच्यातले चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचे. प्रत्येक ठिपक्याचे तीन आकडे धरले, तर हा व्हिडिओ सेकंदाला सहा कोटी बिट मागतो. व्हीसीडीत तो सुमारे साडेअकरा लाख बिटांत बसवला जाई. पन्नासावा हिस्सा! ज्या आकाराच्या डिस्कवर ७४ मिनिटांचे गाणे मावे, तीवर आता ७४ मिनिटांचे हलते चित्र मावू लागले. हिंदी चित्रपट दोन किंवा तीन चकत्यांत बसे.

१९९०च्या दशकाच्या अखेरीपासून व्हीसीडी भारतभर पसरली. चकतीची प्रत काढणे स्वस्त, आणि मूळ फीत पुनःपुन्हा झिजवावी लागत नाही. याचा मोठा लाभ झाला तो मुंबईपासून दूर असलेल्या, स्वतःच्या बोलीत काही करू पाहणाऱ्या लोकांना. धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने पन्नासएक किलोमीटरवर मालेगाव आहे. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणारे शेख नासिर यांनी गावातल्या लोकांना घेऊन, किरकोळ खर्चात 'मालेगाव के शोले' काढला तो २००० साली. तेथून पुढे मालेगावचे चित्रपट हा एक स्वतंत्र प्रकारच झाला आणि २००८ मध्ये त्यावर माहितीपटही निघाला. खानदेशात अहिराणी गाण्यांच्या आणि विनोदी प्रसंगांच्या चकत्या बसस्थानकांजवळच्या दुकानांत, यात्रांत विकल्या जाऊ लागल्या. ज्या बोलीला छापील पुस्तकांत जेमतेम स्थान होते, तिला चित्र आणि आवाज यांसह साठवण्याची सोय झाली. चित्र लहान करण्याच्या गणिताने एका बोलीसाठी दार उघडले म्हणायला हरकत नाही.

पण घरी लिहिलेली चकतीही अमर नसते. तिच्यावरचा रंगद्रव्याचा थर ऊन, उष्णता आणि दमट हवा यांनी बिघडतो. जळगावच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखाली ठेवलेल्या चकत्यांकडून फार अपेक्षा धरता येत नाही. चकत्या वाचणारे खणही आता नव्या संगणकांतून जवळजवळ नाहीसे झाले आहेत.

टंचाई आपली जागा बदलते

दरम्यान पहिल्या उपायाचीही घोडदौड चालू होती. १९८८ मध्ये आल्बेर फेर आणि पेटर ग्रुनबर्ग यांनी स्वतंत्रपणे महाचुंबकरोध हा परिणाम शोधला. त्यामुळे चकतीवरचा अगदी दुबळा चुंबकीय ठसाही वाचता येऊ लागला, म्हणजेच ठसे अधिक लहान आणि अधिक दाट करता आले. दोघांना २००७ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. तोशिबा कंपनीतले फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात 'फ्लॅश' स्मृती शोधली. विद्युतप्रवाह बंद झाल्यावरही सूक्ष्म कप्प्यात कोंडलेले इलेक्ट्रॉन जिथल्या तिथे राहतात, हे तिचे तत्त्व. पेन ड्राइव्ह आणि मोबाइलचे कार्ड ही तिचीच रूपे.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी, आधी मोठ्या शहरांत, सुरू झाले. टेलिफोनच्या तारेवरून सेकंदाला २८,८०० बिट मिळाले, तर २२५ एमबीचा एक धडा उतरायला सतरा तासांहून अधिक वेळ लागला असता. तेव्हा टंचाई वेगाची होती. जागेचा प्रश्न पुढचा. २०१६ मध्ये चौथ्या पिढीची मोबाइल सेवा स्वस्त झाली आणि चित्र उलटले. धडा काही मिनिटांत उतरू लागला. ठेवायचा कुठे, ही अडचण झाली.

नेमक्या याच काळात धुळे जिल्ह्यात शाळा डिजिटल करण्याची मोठी मोहीम झाली. मूळचे धुळ्याचे आणि अमेरिकेत नोकरी करणारे हर्षल विभांडिक यांच्या पुढाकाराने, गावागावांतून लोकवर्गणी जमवून, जिल्हा परिषदेच्या अकराशेंवर शाळांत संगणक, प्रक्षेपक यांसारखी साधने पोहोचली. गावाने स्वतः पैसे घातल्यामुळे ती साधने गावाची झाली. सप्टेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारचे 'दीक्षा' हे व्यासपीठ सुरू झाले आणि पाठ्यपुस्तकातल्या चौकटीवर मोबाइल धरला की धड्याचा व्हिडिओ दिसू लागला. तो उतरवून घेऊन नंतर इंटरनेटशिवाय दाखवण्याची सोयही त्यात आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या ज्या पाड्यांवर मोबाइलला रेंज मिळत नाही, तिथे या सोयीला महत्त्व आहे.

'आता साठवायचे कशाला, हवे तेव्हा इंटरनेटवरून पाहावे' असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण याचा अर्थ आपली कोठी दुसऱ्याच्या वाड्यात ठेवणे. वाडा उघडा आहे तोवर ठीक. रेंज गेली, दुवा बदलला, मालकाने व्हिडिओ काढून घेतला, की आपल्याकडे काहीच उरत नाही.

जागेचा हिशेब

व्हिडिओच्या आकाराचे सूत्र सातवीच्या विद्यार्थ्यालाही जमण्याजोगे आहे. दर सेकंदाचे मेगाबिट गुणिले सेकंद, भागिले आठ, म्हणजे मेगाबाइट. ४८० रेषांच्या व्हिडिओला सेकंदाला साधारण एक मेगाबिट लागतो असे धरा. अर्ध्या तासाला १,८०० मेगाबिट, म्हणजे २२५ एमबी. ७२० रेषांना अडीच मेगाबिट धरले, तर ५६० एमबीच्या आसपास. १०८० रेषांना पाच मेगाबिट धरले, तर ११०० एमबीहून अधिक. म्हणून 'सर्वांत उत्तम दर्जा' हा पर्याय डोळे मिटून निवडू नये. फळ्यावरची अक्षरे शेवटच्या बाकावरून वाचता येतात ना, एवढी कसोटी पुरे. पानाच्या छेदातल्या पेशी दाखवायच्या असतील तर वरचा दर्जा घ्यावा. कथाकथनाला खालचा पुरतो. आपल्या फोनने केलेले चित्रण मात्र घाईने दाबलेले असते; १०८० रेषांचे एक मिनिट शंभर-सव्वाशे एमबी खाते. तेच नंतर संगणकावर निवांतपणे आटोपशीर करून घेतले, तर बरीच जागा सुटते. फक्त एक लक्षात ठेवावे : टाकून दिलेले बारकावे परत येत नाहीत. म्हणून जे पुन्हा मिळणार नाही असे चित्रण मूळ रूपातच ठेवावे.

काही कोडी वर्गात चर्चेला घेण्याजोगी आहेत. ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह संगणकावर ६० जीबीहूनही थोडा कमी का दिसतो? विकणारा हजाराच्या पटीत मोजतो (एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट) आणि संगणक बहुधा १,०२४ च्या पटीत. फसवणूक कोणी केलेली नाही, मापे दोन आहेत. दुसरे कोडे : पेन ड्राइव्हवर वीस जीबी मोकळे असताना पाच जीबीची फाइल का बसत नाही? अनेक पेन ड्राइव्ह 'फॅट-३२' या जुन्या मांडणीचे असतात. तिच्यात फाइलचा आकार लिहायला ३२ बिटांचीच जागा आहे. त्यामुळे ४,२९,४९,६७,२९५ बाइटांपेक्षा मोठी फाइल तिला माहीतच नसते. ड्राइव्हवरचे सगळे आधी दुसरीकडे उतरवून घ्यावे आणि 'एक्सफॅट' मांडणी करावी. तिसरे : इतके पुसूनही जागा का होत नाही? पुसलेल्या फाइली काही काळ कचरापेटीत असतात, आणि एकच व्हिडिओ चार गटांतून चार वेळा आलेला असतो. पुसायचेच तर सुरुवात या प्रतींपासून करावी.

ठेवावे काय?

इथवरचा भाग गणिताचा झाला. पण इतिहास सांगतो, की खरे नुकसान गणित चुकल्याने झाले नाही. काय पुसतो आहोत याचा विचार न झाल्याने झाले. जो व्हिडिओ हजारो ठिकाणी आहे तो पुसला तर पुन्हा उतरवता येतो. गावातल्या आजीने अहिराणीत सांगितलेली कहाणी, पांझरेच्या पुराचे चित्रण, निवृत्त होणाऱ्या बाईंचा शेवटचा तास यांची प्रत फक्त आपल्याकडे असते. गंमत अशी, की 'जागा करा' म्हटल्यावर मोबाइल बहुधा सर्वांत मोठ्या फाइली आधी दाखवतो, आणि आपण स्वतः केलेले चित्रण बहुधा तिथेच असते.

धुळ्याला हे नवे नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून, माळ्यांवरचे आणि दप्तरांतले कागद रद्दीत जाण्यापूर्वी गोळा करण्यात आयुष्य वेचले. १८९८ पासून त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडाखंडाने प्रसिद्ध केली. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच त्यांचे निधन झाले आणि त्यांचा संग्रह सांभाळण्यासाठी पुढच्याच वर्षी तिथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. ते कागद ज्यांच्या घरी होते त्यांच्या दृष्टीने ते जागा अडवणारी अडगळ होती.

जुन्या मराठी पत्रांची एक अडचण इतिहासाच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. पुष्कळ पत्रांवर तिथी असते, पण साल नसते. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला साल माहीत होते, मग लिहायचे कशाला? पुढे तेवढ्या एका आकड्यासाठी संशोधकांना महिनोन् महिने घालवावे लागले. आपल्या शाळेच्या संगणकातल्या फाइलींची नावे पाहिली, तर यंत्राने दिलेल्या इंग्रजी अक्षरांची आणि आकड्यांची रांग दिसेल. त्यात काय आहे, कोण बोलते आहे, गाव कोणते, याचा पत्ता नाही. आज ते सर्वांना माहीत आहे. शिक्षकांची बदली झाली की ते माहीत असलेले कोणी राहणार नाही, आणि नवा माणूस जागा हवी म्हणून पुसून टाकेल.

तेव्हा पुढच्या सत्रात आठवी-नववीच्या मुलांना एक काम द्यावे. शाळेतल्या सर्व व्हिडिओंची यादी करायची आणि प्रत्येकापुढे तीन रकाने मांडायचे : आकार किती, दुसरीकडे मिळेल का, आणि दर्जा कमी केला तर चालेल का. जे दुसरीकडे मिळणार नाही त्याला साल, गाव आणि विषय असलेले नाव द्यायचे व त्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवायच्या. एक शाळेत, एक शाळेबाहेर. दर काही वर्षांनी त्या उघडून पाहायच्या आणि नव्या साधनावर उतरवायच्या. उरलेले निर्धास्तपणे पुसावे. या कामात गुणाकार-भागाकार येतो, घातांक येतात, आणि कोणती गोष्ट जपण्याजोगी आहे यावर मुलांचे आपसात भांडणही होते. ते भांडण होऊ द्यावे.